उसनं अंग

बाळाराम,

जे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर मी नेहमीसारखा इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तेवढंच राहून जाईल. तू आजारी आहेस हे मला दिसलं होतं. डॉक्टरांच्या आधी, वहिनींच्या आधी, तू स्वतः कबूल करायच्या कितीतरी आधी. गेल्या दिवाळीनंतर तू पहिल्यांदा चित्रासाठी माझ्यासमोर बसलास तेव्हाच दिसलं होतं. मी बोललो नाही. नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी ते खोडरबरानं पुसलं.

आता सुरेखावहिनी धरून बसल्या आहेत की तू वैशाखात अंगानं उतरलास. त्या लेकीच्या बाळंतपणाला उरणला गेल्या, महिनाभर घरात नव्हत्या, तेवढ्यात तुझं जे व्हायचं ते झालं. "मी गेले नसते तं," एवढं बोलून त्या थांबतात. येईल त्याच्यासमोर तेवढंच बोलतात. तसं नव्हतं, हे आता फक्त मला माहीत आहे. आणि मी त्यांच्यासमोर चहा पिऊन उठून येतो.

मला रडू आलेलं नाही. तू म्हणायचास, मास्तरचा सगला माल मागं गोडाऊनला, दुकानात काय मांडलेलाच न्हाय. तसंच आहे अजून. तेराव्याला तुझ्या दारात तुझाच मंडप होता. पांढऱ्या कनाती, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. असलम, जो इतकी वर्षं तुझ्याकडे मंडप बांधतोय, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मास्टरजी, कुर्सियाँ कितनी लगाऊँ? सेठ ही बोलते थे हमेशा." तू नुसतं घर बघून सांगायचास, एवढी माणसं बसतील, एवढी उभीच राहतील, एवढी जेवून लगेच निघतील. मी म्हटलं, "जितनी हैं, सब लगा दे." त्यानं सगळ्या लावल्या. लग्नाच्या सगळ्या खुर्च्या त्या, गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. निम्म्या रिकाम्या राहिल्या. मी मागे बसून रिकाम्या खुर्च्यांचे पाय बघत होतो. पुढचे पाय, मागचे पाय, सावली कुठे पडते, तिरकी किती पडते. लोक येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते. कोण कोण आलं ते मला आता आठवत नाही. खुर्च्या आठवतात.

हे दुसरं कुणी वाचेल तर त्याला कळायला हवं, आपण दोघं काय करत होतो. तू टेमघरचा मंडपवाला. मी शहरातल्या शाळेत चित्रकला शिकवणारा. आपल्याकडे जमिनी गेल्या, गोडाऊनं उभी राहिली, घरं तीनमजली झाली, आणि प्रत्येक हॉलच्या मोठ्या भिंतीवर वर्षश्राद्धाच्या आत आईबाप हवे झाले. फ्लेक्सवर नको, कॅनव्हासवर, हातानं काढलेले. बसलेले. पायांतल्या चपलांसकट पूर्ण. आणि घरात फोटो काय असायचा? रेशनकार्डावरचा टिकलीएवढा चेहरा. नाहीतर कुणाच्या तरी लग्नात मागे उभा असलेला, अर्धा दुसऱ्याच्या टोपीआड. चेहरा त्यातून मी कसाबसा काढायचो. मानेखालचा माणूस कुठून आणायचा? तो तू द्यायचास.

शाळा सुटली की मी स्कूटर घेऊन तुझ्या गोडाऊनला यायचो. गाद्यांच्या आणि झालरींच्या ढिगांमधून तू एक मोकळी जागा करून ठेवलेली होतीस, वरच्या एका पारदर्शक पत्र्यातून तिथे उजेड पडायचा. समोरच्या खुर्चीवर तू मेलेल्या माणसाचा फोटो टेकवून ठेवायचास. त्याच्यापुढे कोरा चहा. मग हात जोडून, अगदी मोठ्यानं: "आजोबा, अंग उसना देताव. काम झाला का परत घेनार हाय." आणि बसायचास. मी कच्चं काम करायचो, म्हणजे कॅनव्हासला हात लावण्याआधीची रेखाटनं. समोरून, बाजूनं, नुसते हात, नुसत्या गुडघ्यांवरच्या धोतराच्या घड्या. संपलं की तू दोन्ही मांड्यांवर थाप मारून उठायचास. "घेतला परत." मग फोटोपुढचा गार झालेला चहा पिऊन टाकायचास. म्हातारीचा फोटो असला तर आधी विचारायचास, "आजी, पिऊ ना?"

चेहऱ्याच्या जागी मी एक लंबगोल सोडायचो. कागद बघून तू म्हणायचास, "मना मुंडकं न्हाय काय रं? घरी दाकवला तं सुरेखा बोलेल, ह्या अंड्याचं काय करू?" एकदा म्हणालास, "माझा पन तोंड काढ की कवा." मी म्हटलं, "काढू. घाई काय आहे?" मी तेव्हा पेन्सिलीला टोक करत होतो, वरही बघितलं नाही.

तू भेटण्याआधी मला हात काढता येत नव्हते, हे मी शाळेत कधी कबूल केलं नाही. मुलांना हात शिकवायचो फळ्यावर, डबीसारखे, बोटं सुटी. पण माझ्या चित्रांतली माणसं सगळी शाल पांघरलेली असायची. तुझी माझी ओळख शाळेच्या स्नेहसंमेलनात झाली. तू स्टेज लावायला आलास आणि मी मागचा पडदा रंगवत होतो. तिथे भिंतीला माझी दोन-तीन चित्रं उभी होती, गिऱ्हाइकाला द्यायची. तू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "मास्तर, सगल्या मेलेल्यांना थंडी वाजतं काय?" मला राग आला होता. मग तू स्टेजवरच्या नवरानवरीच्या खुर्चीत जाऊन बसलास, एक हात खुर्चीच्या हातावर टाकलास आणि म्हणालास, "घे. काढ. मी हलनार न्हाय." पडदा राहिला बाजूला. त्या दिवशी मी नुसता तुझा डावा हात काढला, पुन्हा पुन्हा, कागद संपेपर्यंत. तू खरंच हलला नाहीस. तुझी माणसं ओरडत होती, सेठ, खांब कुठे रोवायचा, तू तोंडानं सांगत होतास आणि हात तिथेच.

त्यानंतर शाली गेल्या. आज या तालुक्यात किती भिंतींवर तुझे हात आहेत ते मी सांगू शकणार नाही. कोयता धरणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणून, खाडीत जाळं टाकणाऱ्याचे म्हणून, पाटलाचे म्हणून. सगळे तुझे. लोक मला म्हणतात, मास्तर, तुम्ही हात जिवंत काढता. मी मान हलवून ऐकून घेतो. हे तरी तुला तोंडावर सांगायला हवं होतं. त्यात तर काही अवघड नव्हतं.

आपलं भांडण दिघाशीच्या म्हातारीवरून सुरू झालं आणि मिटलं नाही. तिच्या मुलांना आई सोफ्यावर बसलेली हवी होती, जरीच्या लुगड्यात. तू त्या आजीला ओळखत होतास. तिच्या घरची तीन लग्नं तू केली होतीस. तू माझ्यासमोर खाली बसलास, एक गुडघा वर, एक तळवा जमिनीला टेकलेला, अंग जरासं उजवीकडे. आणि मला ती दिसली. कधी न भेटलेली बाई मला दिसली.

"ही अशी बसं," तू म्हणालास. "आख्खं लगीन ही अशी बसून बगं. खुर्ची दिली तं खुर्चीला टेकून खाली बसं. तिला सोफ्यावं टाकलीस तं ती घाबरंल."

"मुलांना सोफा हवाय."

"मेली कोन? पोरं का आजी?"

"बघणार कोण? पोरंच ना?"

मी सोफा काढला. चित्र पोचवायला आपण दोघं गेलो. म्हातारीची लेक चित्रासमोर उभी राहिली, पदर तोंडाला लावून रडली आणि म्हणाली, आई कधी बसलीच नाही हो सोफ्यावर, आता बसली. मी तुझ्याकडे बघितलं. मी जिंकलो होतो. परत निघालो. टेमघर आल्यावर उतरता उतरता म्हणालास, "ती रडली म्हंजे तू बरोबर, असा न्हाय होत मास्तर." मी म्हटलं, "मग कसं होतं?" तू म्हणालास, "सांगन कवातरी." सांगितलं नाहीस. मीही पुन्हा विचारलं नाही, कारण मला भीती होती की तू सांगशील.

आता दिवाळीनंतरचं.

माझी पद्धत तुला माहीत होती. आधी रिकामी खुर्ची काढायची, मग तिच्यात माणूस. खुर्ची नीट उभी राहिली की माणसाचं वजन तिच्यात बसतं. तुझी ती लाल मखमलीची स्टेजवरची महाराजा खुर्ची मी इतक्यांदा काढली होती की डोळे मिटून काढली असती. पाठीच्या लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी कोरलेली पानं. खांद्याच्या उंचीला एक-एक मोठं पान. तू बसलास की ती दोन मोठी पानं झाकली जायची. मला ती काढावीच लागायची नाहीत. रिकाम्या खुर्चीत ती मी नुसती पुसट रेघेनं दाखवून सोडून द्यायचो, कारण पुढे तुझे खांदे येणारच.

त्या दिवशी तू बसलास आणि डाव्या बाजूचं पान दिसत होतं.

मी हात लांब केला, एक डोळा मिटला, पेन्सिलीवर माप घेतलं. पुन्हा घेतलं. कागदावर तुझे खांदे दिसले तसे काढले, पान काढलं. आणि बघितलं तर तो तू नव्हतास. मग मी ते पुसलं.

"सारका काय पुसतंस रं?"

"माप चुकलं."

"तुझा माप कदी चुकतं?"

"आज चुकलं."

मी खरंच तसं मानलं, बाळाराम. पहिल्या वेळेला तरी. माझ्या हातात तुझं जुनं माप पक्कं बसलेलं होतं, आणि समोर जिवंत बसलेल्या माणसापेक्षा मी त्या मापावर विश्वास ठेवला. पान झाकून टाकलं. चित्र झकास झालं.

तुळशीच्या लग्नानंतर तुझा सीझन लागला, आणि थंडीत पुढच्या कामासाठी तू बसलास तेव्हा उजवं पानही दिसायला लागलं होतं. तेव्हा माप चुकलेलं नव्हतं, हे मला कळत होतं. तुझ्या बोटातल्या अंगठीला आतल्या बाजूनं पांढरा दोरा गुंडाळलेला होता. मी विचारलं, "दोरा कसला?" तू म्हणालास, "सैल झाली. सोना झिजतं रं." मी "हं" म्हटलं. अंगठी काढली, दोरा काढला नाही.

होळीच्या सुमाराला कशेळी गावचं काम आलं. गोडाऊनवाल्याचे वडील. मुलगा गाडीतून फोटो घेऊन आला आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, "मास्तर, पप्पांना जरा भरलेले दाखवा. शेवटी शेवटी फार बारीक झालेले, तसे नकोत बघायला." हे आपल्याला नवीन नव्हतं. सगळीच घरं तेच सांगतात. आजारानं जे नेलं ते मी रंगानं परत भरून देतो, गाल भरतो, गळ्याचे खड्डे बुजवतो. माझं कामच ते आहे. इतकी वर्षं मेलेल्यांना ते करता करता मी तेच तुला केलं, आणि तू जिवंत होतास, समोर बसून मला विड्या कमी करायला सांगत होतास.

तुझा शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. मी म्हटलं, आत टॉवेल घालू या, म्हातारा जाडा होता. तूच दोन टॉवेल आणलेस. मी ते तुझ्या शर्टात कोंबले, एक पोटाला, एक खांद्यांना. कोंबताना माझे हात तुझ्या फासळ्यांना लागले. एकेक मोजता येईल अशी. तू हसत होतास. "मना गनपती करतंस काय? मंग मोदक तरी आन." मी हसलो. मग जागेवर जाऊन पेन्सिल उचलली. जे डोळ्यांना दिसत होतं ते तोपर्यंत बोटांनाही कळलं होतं, आणि तरी मी बसून टॉवेलाच्या घड्या शर्टाच्या घड्या म्हणून काढल्या.

का? कशेळीचं काम पोचवायचं होतं, हे एक. दुसरं, मी बोललो असतो तर तू डॉक्टरकडे गेला असतास, आणि डॉक्टर काय म्हणेल ते मला ऐकायचं नव्हतं. आणि तिसरं, जे मला सगळ्यांत वाईट वाटतं: माझी बसायची सवय मोडली असती. ती गोडाऊनमधली उजेडाची जागा, तू, मी. मी सवय वाचवली. माणूस नाही.

एकदाच म्हणालो, तेही अर्धवट. "जरा दाखवून ये ना कुठे." तू म्हणालास, "सीझन जाऊ दे. मंग बगू." मी लगेच मान हलवली. इतक्या लगेच की तुलाही नवल वाटलं असेल.

याबद्दल मी तुझ्यावरही चिडलेलो आहे. तुला कळत नव्हतं? अंगठीला दोरा तूच गुंडाळलास ना? शर्टाची बटणं तूच लावत होतास ना? जेवताना वहिनींसमोर दोन भाकऱ्या वाढून घ्यायचास आणि एक असलमच्या डब्यात टाकायचास, हे असलमनं मला तू गेल्यावर सांगितलं. म्हणजे तूही झाकत होतास. तू घरात, मी कागदावर. दोघांनी मिळून त्या बाईच्या डोळ्यांवर कनात ओढली. आणि मग तू निघून गेलास, कनात मला धरायला ठेवून.

वैशाखात वहिनी उरणला गेल्या. परत आल्या तेव्हा तुझे डोळे पिवळे होते. ठाण्याच्या हॉस्पिटलात मी बरोबर होतो. पोटात गाठ होती. तरुण डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता विचारत होता, "वजन कधीपासून कमी होतंय?" वहिनी म्हणाल्या, "आत्ताच, महिन्याभरात. मी गावाला गेलते." डॉक्टरनं तसं लिहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझं तोंड उघडलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाला, जरा आधी आला असतात तर, आणि कागद उलटला. आधी आलो असतो तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण ते वाक्य वहिनींनी एकटीनं घरी नेलं.

शेवटच्या आठवड्यातली ती दुपार. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तू वर पंख्याकडे बघत होतास. मला वाटलं झोपलायस.

"मास्तर, तुना म्हाईत व्हता ना?"

मी चादरीचं टोक सरळ केलं.

"टावेल कोंबलास तवाच मना कलला. तुझा हात थांबला."

मी म्हटलं, "पाणी हवं का?"

"पानी नको." तू माझ्याकडे वळलास. "सुरेखा सोताला लावून घेतं. बगतोस ना? तिला सांग, ह्या आदीचा हाय म्हनून. मी सांगतो तं बोलते, माझी समजूत काडता. तुझा आयकंल. तू मास्तर हायेस."

"सांगतो."

"सांग हां."

"सांगतो म्हटलं ना."

तू मला एक शिवी दिली नाहीस. एकदाही विचारलं नाहीस की मग बोलला का नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर दिलं असतं, तुला ते पटलं नसतं, आपण भांडलो असतो.

आषाढात तू गेलास. तुला बाहेर ठेवलं होतं तेव्हा सगळे रडत होते आणि मी तुझ्या खांद्यांचं माप घेत होतो. नुसत्या डोळ्यांनी. सवयीनं. घेऊन झाल्यावर मला कळलं मी काय करतोय ते.

भावकीत आता बोलतात, मेलेल्यांच्या जागी बसायचा, त्यांनीच ओढून नेला. दशक्रियेला एक काका माझ्यासमोरच बोलले. मी ऐकून घेतलं. खोटं सांगत नाही, क्षणभर सोयीचं वाटलं. वहिनीच त्यांच्यावर तडकल्या. "त्यांनी परत मागून घेतलेला अंग दर वेलेला. मना म्हाईत हाय. दोष माझा हाय, कुना भुताचा न्हाय."

तेराव्यानंतर त्यांनी मला विचारलं, "भावोजी, तुमच्याकडं त्यांची चित्रं असतील ना?" मी सगळी कच्ची रेखाटनं घेऊन गेलो. जायला नको होतं. जमिनीवर पसरली. त्या एकेक उचलून बघत होत्या. "तोंड कुटंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, तोंड दुसऱ्याचं यायचं असायचं. त्या हातांवरून बोट फिरवत राहिल्या. हात त्यांनी ओळखले. मग कशेळीच्या कामाचा कागद हाती आला. टॉवेलवाला.

"हे कवाचं?"

"होळीच्या सुमाराचं."

त्यांनी तो कागद उजेडाकडे धरला. "बगा. होलीला किती भरलेले व्हते." आणि खाली बसल्या. "म्हंजे मी गेल्यावंच झाला ना सगला. मी गेले नसते तं."

समोर माझ्याच हातचा पुरावा होता, आणि तो खोटा होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, आत टॉवेल आहेत. एवढंच. मी म्हटलं, "हा ठेवा तुमच्याकडे." त्यांनी तो तुझ्या फोटोशेजारी लावला आहे. आल्यागेल्याला दाखवतात, बघा, होळीपर्यंत कसे होते.

सांगितल्यानं त्या हलक्या होतील असं मी स्वतःला फसवत नाही. त्या म्हणतील, म्हणजे दिवाळीपासून माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही? एका ओझ्याच्या जागी दुसरं येईल. मग मला सांगावं लागेल की दिसू नये म्हणून तू काय काय करत होतास, आणि मी काय केलं. त्या मला घरात घेणं बंद करतील. करू देत. पण राग करायला त्यांच्याजवळ दुसरं कुणीतरी असेल. आज त्यांच्याजवळ फक्त त्या आहेत.

तालुक्यातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुझ्यावर लिहून मागितलं, म्हणून हे लिहायला बसलो. आठवणी लिहा म्हणाले, हलक्याफुलक्या, तुझ्या विनोदांच्या. तशा लिहिता आल्या असत्या. लिहिलेलं आता टेबलावर आहे आणि ते पाठवायच्या आधी मला टेमघरला जायचं आहे, कारण वहिनींनी हे छापलेलं वाचू नये. माझ्या तोंडून ऐकावं. काल निघालो होतो. नाक्यापर्यंत गेलो आणि भाजी घेऊन परत आलो.

तुला "सांगतो" म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. अजून सांगितलेलं नाही.